बिअरच्या कारखान्याची सफर: वाळूजला निघण्याआधी हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरात अन्नतंत्रज्ञान शिकवतो. दर हिवाळ्यात मुलांची एक बस भरून वाळूज एमआयडीसीतल्या एखाद्या बिअरच्या कारखान्यात नेतो. बस निघायच्या आधी महिनाभर मुलं, पालक, सोसायटीतले शेजारी आणि गावाकडचे पाहुणे मला तेच तेच प्रश्न विचारतात. दर वर्षी तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच काढली. कारखान्याचं नाव यात कुठेही नाही, विचारू नका.

तिकीट काढून आत जाता येतं का?

नाही. वाळूजचे मोठे कारखाने हे पर्यटनस्थळ नव्हेत. वेरूळला जातो तसं जाऊन खिडकीवर पैसे दिले आणि आत शिरलो, असं इथे होत नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र लागतं, सोबत नावांची यादी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र. पत्र गेल्यावर होकार यायला दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने. कधी येतच नाही. नाही आला तर रागवायचं नाही, पुढच्या सत्रात पुन्हा पाठवायचं.

ओळखीने काम होतं का, असं पुढचं वाक्य असतंच. ओळखीने फोन उचलला जातो एवढंच. गेटवरचा सुरक्षारक्षक यादीत नाव नसेल तर मॅनेजरच्या सख्ख्या मेहुण्यालाही उभं करतो. ते मी पाहिलंय.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर-जानेवारी उत्तम. पावसाळाही चालतो. मार्चपासून जूनपर्यंत नावच काढू नका. आपल्याकडे पारा चाळीशीच्या वर गेला की बिअरची मागणी वाढते, कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो आणि तुम्हाला हिंडवून दाखवायला कुणी मोकळं नसतं. आषाढी एकादशीही टाळा. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला जत्रा भरते, नगर रोडवर दिंड्या असतात, आणि बिअरच्या कारखान्याची बस दिंडीत अडकलेली बरी दिसत नाही.

लातूर-नांदेडहून यायचं तर?

आदल्या रात्री मुक्कामाला या. गेटवर सकाळी दहाची वेळ दिली असेल तर साडेनऊला हजर राहावं लागतं. बाबा पेट्रोल पंपावरून वाळूजकडे जायला बस, रिक्षा सगळं मिळतं, पण सकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी असते. अर्धा तास हाताशी ठेवा.

काय घालून यावं?

पाय पूर्ण झाकणारे बूट. कोल्हापुरी, सँडल, क्रॉक्स काहीच चालत नाही. बॉटलिंग हॉलमध्ये बाटल्या फुटतात, काचेचा तुकडा उडतो. बिअरचा रस शिजतो त्या ब्रू हाउसमध्ये फरशी ओली असते. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, कानातलं घरी ठेवा. केसांना जाळी तिथेच देतात. ओढणी आणि पदर घट्ट खोचावा लागतो, त्यामुळे मुलींनी सरळ पँट-शर्टच घालावा. मोबाइल गेटवर जमा. म्हणजे सेल्फी नाही. हे ऐकून दर वर्षी दोन-तीन नावं गळतात.

अत्तर, डिओडरंट लावू नका. कारण पुढे चाखण्याच्या प्रश्नात येईल.

मुलींना पाठवायला हरकत नाही ना?

हा प्रश्न फक्त मुलींच्या वडिलांकडून येतो, मुलांच्या वडिलांकडून कधीच नाही. काही हरकत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुली काम करताना दिसतात. आमच्या दोन विद्यार्थिनी अशाच भेटीनंतर गुणवत्ता विभागात लागल्या.

आत नेमकं काय दाखवतात?

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण बरेच जण आत जाऊन फक्त टाक्या मोजून परत येतात.

मटकीला मोड आणतो तसे जवाला मोड आणतात आणि मोड वाढायच्या आत दाणा गरम हवेत वाळवतात. हा झाला माल्ट. हे काम वाळूजला होत नाही, माल्ट तयार होऊन पोत्यांत किंवा टँकरमधून येतो. जव बहुतेक राजस्थान, हरियाणाकडचा. हॉप्स नावाची कडू फुलं परदेशातून येतात. आपल्या भागातलं म्हणाल तर पाणी आणि माणसं.

ब्रू हाउसमध्ये माल्ट भरडून ६२ ते ७२ अंशांच्या गरम पाण्यात कालवतात. दाण्याला मोड येताना जी एन्झाइम्स जागी झाली होती, ती आता पिठातल्या स्टार्चची साखर करतात. इथे नाक उघडं ठेवा. एका वर्षी आमच्या बसचे ड्रायव्हरकाका माळकरी होते. दारूच्या कारखान्यात पाय ठेवणार नाही म्हणून बाहेर बसले होते. पाणी प्यायला म्हणून आत आले आणि या कालवणाचा, म्हणजे मॅशचा, वास येताच थबकले. म्हणाले, "सर, हा तं सातूच्या पिठाचा वास यायलाय." बरोबरच होतं. सातू म्हणजे जवच. गुळासोबत कालवलेलं सातूचं पीठ त्यांच्या आईने त्यांना खाऊ घातलं होतं. त्या टाकीत तोवर अल्कोहोलचा थेंबही नसतो, हे कळल्यावर काका ब्रू हाउसभर आमच्याबरोबर फिरले. पुढच्या दारापाशी मात्र स्वतःहून थांबले.

मग तो गोड रस गाळतात, हॉप्स घालून तास-दीड तास उकळतात, आणि झपाट्याने दहा-बारा अंशांवर थंड करतात. या थंडीसाठी अमोनियाची अवाढव्य यंत्रणा चालते. वीज कुठे जाते विचारलंत तर उत्तर बहुतेक हेच मिळेल. थंड रसात यीस्ट सोडतात, म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारे सूक्ष्मजीव. लागर प्रकारच्या बिअरचं यीस्ट थंडीत काम करतं आणि काम झालं की तळाशी बसतं. आठवडा-दहा दिवसांनी बिअर शून्य अंशाच्या आसपास मुरायला ठेवतात.

उघड्यावर उभ्या असलेल्या, खाली निमुळत्या टाक्या म्हणजे सेलर. दोन लाख लिटरची एक टाकी धरा: ६५० मिलीच्या तीन लाखांवर बाटल्या एका टाकीत. मुलं इथे मान वर करून बघत राहतात.

शेवटी गाळण आणि बॉटलिंग. मिनिटाला ६०० बाटल्या भरणारी लाइन ही काही विशेष गोष्ट समजली जात नाही. भरलेल्या बाटल्या एका लांब बोगद्यातून सरकत जातात, वरून हळूहळू गरम होत जाणाऱ्या पाण्याच्या धारा पडतात, बिअर साठेक अंशांपर्यंत तापते आणि परत गार होते. हे पाश्चरायझेशन. दुधाचं नाव सगळ्यांना माहीत, पण लुई पाश्चरने ही पद्धत आधी वाइनसाठी शोधली होती आणि १८७६ मध्ये बिअरवर आख्खा ग्रंथ लिहिला.

सगळ्यात बघण्यासारखं काय?

लोक टाक्या म्हणतात. मी म्हणेन बाटल्या धुण्याचं यंत्र.

तुम्ही भंगारवाल्याला विकलेली बाटली कुठे जाते? बऱ्याचदा इथेच. क्रेटमधून येते तेव्हा तिच्यात काय नसतं! गुटख्याची पुडी, बिडीचं थोटूक, मेलेलं झुरळ, रॉकेलचा वास. एकदा मी कडेला उभा राहून पाहत होतो, एका बाटलीत गाठ मारलेला लाल दोरा होता. तो आत कसा गेला हे मला आजही सुटलेलं नाही. कॉस्टिक सोड्याच्या ऐंशीएक अंश गरम पाण्यातून ही वरात जाते, लेबलं सुटून लगदा होतो, आणि पलीकडून बाटल्या लखलखीत बाहेर येतात. मग कॅमेऱ्यांसमोरून. तोंडाला टवका, तळाला कचरा, आत पाण्याचा थेंब राहिलेला दिसला की हवेचा एक फटका, आणि ती बाटली रांगेबाहेर. दोरावाली तिथेच गेली.

बिअर करणं म्हणजे निम्मी साफसफाई. आतल्या लोकांच्या तोंडी दर पाच मिनिटांनी 'सीआयपी' येतं. म्हणजे टाक्या-पाइप न सोडवता जागच्या जागी धुणं. कारखाना चांगला की वाईट हे मी तिथल्या गटारांवरून ओळखतो.

धोका कितपत असतो?

नियम पाळले तर भीती नाही. न पाळणाऱ्याची गोष्ट माझीच आहे. पहिल्या भेटीत, तरुणपणी, आंबत असलेल्या टाकीच्या झाकणावर मी वाकलो, नीट वास घ्यायला. नाकात सुई टोचावी तशी कळ गेली, डोळ्यांतून पाणी, आणि मागून एका ऑपरेटरने कॉलर धरून ओढलं. तो कार्बन डायऑक्साइड होता. यीस्ट जेवढं अल्कोहोल करतं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा हा वायू करतं. तो हवेपेक्षा जड असतो, टाकीत आणि खड्ड्यांत साचतो, आणि अशा जागी उतरलेला माणूस बेशुद्ध पडून मरूही शकतो. ऑपरेटर मला जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हापासून मी बसमध्येच बजावतो: कशातही डोकावायचं नाही.

चाखायला मिळते का?

सगळ्या प्रश्नांचा बाप हा. विद्यार्थ्यांच्या औद्योगिक भेटीत मिळत नाही. आमच्या बसमध्ये तर अजिबात नाही, गेटबाहेरसुद्धा.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात बिअरसाठी वय २१ पूर्ण लागतं, कडक दारूसाठी २५. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. 'परमिट रूम' हे नाव त्यावरूनच आलं. पाटी रोज वाचतो, अर्थ कुणी विचारत नाही. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या काळात ड्राय डे असतो.

मग कारखान्यात चाखतं कोण?

तिथलेच लोक, आणि रोज. मला एकदा त्यांच्या पॅनेलबरोबर बसू दिलं होतं. सकाळी अकराची वेळ, कारण जेवणाआधी जीभ शहाणी असते. खोलीत कसलाही वास नाही, म्हणूनच अत्तर-डिओडरंट नको म्हणालो; भिंती पांढऱ्या. समोर तीन ग्लास, प्रत्येकात दोन-तीन घोट. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं, बस्स. बिअर फार गार नसते, दहा-बारा अंशांवर असते. बर्फासारख्या थंडीत दोष लपतात. आपल्याकडे 'एकदम चिल्ड' मागतात त्याचं एक कारण हेही असावं, असं मला राहून राहून वाटतं.

वाइन चाखणारे थुंकतात, बिअरवाले गिळतात. कडवटपणा घोट उतरल्यावर घशाशी कळतो.

मी चुकलो. सकाळी लसणाच्या ठेच्याबरोबर दोन भाकरी हाणून गेलो होतो, जिभेवर दुसरं काही उमटतच नव्हतं. शेजारी बसलेल्या फिलिंग लाइनच्या ऑपरेटरने ग्लास नुसता नाकाशी नेला आणि म्हणाला, "मधला. जुना आहे." मधला ग्लास मुद्दाम उष्ण खोलीत ठेवलेल्या बाटलीतला होता. शिक्षण दहावी, पण नाक पीएचडीचं.

दोष कसे ओळखायचे?

पॅनेलवाल्यांकडून शिकलेले चार वास सांगतो. लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअसिटिल. बिअर मुरण्याआधीच घाईने काढली किंवा जंतू शिरले. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे अॅसिटाल्डिहाइड. तीही घाईचीच खूण. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर शिळी झाली, ऑक्सिजन लागला. आणि एक उग्र, जळक्या रबरासारखा कुबट वास येतो तो उन्हाचा. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्यं फुटतात आणि गंधक असलेलं एक संयुग तयार होतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. म्हणून हिरव्या बाटल्यांची रास दुकानाबाहेर उन्हात दिसली तर पुढे जा.

पुठ्ठ्याचा वास आपल्याकडे जास्त भेटतो. मे महिन्यात ट्रक परभणीच्या ढाब्याबाहेर दिवसभर तापतो, मग गोदामात पंखासुद्धा नसतो. कारखान्याने कितीही निगुतीने केली तरी शेवटचे शंभर किलोमीटर त्याच्या हातात नसतात. बाटलीवरची तारीख बघून घ्या. बिअर जुनी होऊन सुधारत नाही.

दुष्काळी मराठवाड्यात बिअरला पाणी? हे पटतं का?

हा प्रश्न मुलांपैकी एक तरी विचारतोच, बहुधा बीड किंवा लातूरकडचा. विचारायलाच हवा.

बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पण खरा हिशेब बाटलीबाहेरचा. धुणं, थंड करणं, वाफ, पाश्चरायझेशन धरून चांगल्या कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं. वाळूजला ते येतं जायकवाडीतून. पैठणच्या त्याच नाथसागरातून संभाजीनगरही पितं, आणि शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. त्याच धरणावर कालव्यांखालचं शेत उभं आहे.

एप्रिल २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करायला लावली. बाकीच्या उद्योगांनाही कपात होती, पण कमी.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्धवट बोलतात. ऊस बिअरपेक्षा कितीतरी पट पाणी पितो, त्यावर कुणी मोर्चा काढत नाही, हे खरं. पण 'आम्ही धरणातलं एक टक्काही घेत नाही' हे कारखानदारांचं उत्तर आठ दिवसांनी हंडा भरणाऱ्या बाईला कसं द्यायचं? भेटीत संधी मिळाली की ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, दाखवा म्हणा. सांडपाण्यातून बायोगॅस होतो का, शुद्ध केलेलं पाणी कुठे वापरता, लिटरमागे किती लिटर लागतं, असे थेट प्रश्न विचारा. चांगला प्लांटवाला आकडा तोंडपाठ सांगतो. जो विषय बदलतो त्याचा आकडा मी मनात वाढवून लिहितो.

टूर आणि चाखणं दोन्ही पाहिजे, मग कुठे जावं?

वयात बसत असाल तर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअऱ्यांत टाक्या काचेपलीकडे दिसतात आणि छोटे ग्लास चाखायला मिळतात. पण मोठा कारखाना नव्हे तो. नाशिककडे वाइनरीत रीतसर टूर आणि टेस्टिंग असतं, तेही बिअरचं नव्हे.

मोठ्याच कारखान्याची हौस असेल आणि लेक-जावई युरोपात असतील, तर तिकडे ती सोय आहे. चेक देशातल्या प्लझेनला १८४२ मध्ये योसेफ ग्रोलने पहिली सोनेरी पिल्सनर बनवली. आज आपण जी पिवळी बिअर ओळखतो तिची ती पणजी. तिथे जमिनीखालच्या थंड तळघरात ओकच्या पिंपातून न गाळलेली बिअर देतात. स्वेटर न्या. डब्लिनला गिनेस आहे. आर्थर गिनेसने १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंडांवर ९,००० वर्षांचा भाडेपट्टा केला. आपल्याकडे ११ महिन्यांच्या करारावर घर घेणाऱ्याला हे ऐकून चक्कर येते. तिथे मात्र तुम्हाला सात मजली प्रदर्शन दिसतं, चालता कारखाना नाही. अॅमस्टरडॅमला हायनेकेनच्या जुन्या कारखान्यातही तसंच. तिथली बिअर १९८८ लाच बंद झाली. मला विचाराल तर प्लझेन.

बिअर म्हणजे काही दारू नव्हे, असं म्हणतात ना?

हिशेब करू. ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीत साडेबत्तीस मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १३ मिली. म्हणजे एक माइल्ड बाटली अडीच पेगांची. ८ टक्क्यांची स्ट्राँग घेतलीत तर चार पेग. आता बोला.

आणि गाडी चालवायची नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

बिअरने मूतखडा पडतो का?

नाही हो. लघवी जास्त होते म्हणून लोकांना तसं वाटतं. उलट शरीरातलं पाणी कमी होतं आणि युरिक अॅसिड वाढतं. पाणी प्या, सोनोग्राफी करा, डॉक्टर सांगतील ते ऐका. माझ्या एका नातेवाइकाने उन्हाळाभर हा 'उपचार' केला. खडा तिथेच राहिला, पोट मात्र पुढे आलं.

बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरली की ग्लिसरीन खाली उतरतं म्हणे?

खाली उतरते ती बिअरच. तिच्यात न आंबलेली थोडी साखर आणि इतर विरघळलेले घटक असतात, म्हणून ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. पाणी वर चढतं, बिअर खाली येते. मग उरलेली पाणचट बिअर पिऊन लोक म्हणतात, बघा, किती हलकी लागते!

शाकाहारी आहे का?

इंग्लंडातल्या काही पारंपरिक बिअर माशापासून काढलेल्या पदार्थाने निवळतात. मोठ्या लागर कारखान्यांत बहुतेक ठिकाणी सूक्ष्म शेवाळांच्या जीवाश्मांची बारीक माती वापरून गाळतात. जवाचं ग्लुटेन ज्यांना चालत नाही, त्यांना बिअरही चालत नाही.

चोथा खाऊन म्हशी झिंगतात का?

हा प्रश्न आमच्या दूधवाल्याचा. रस गाळल्यावर उरलेला बार्लीचा चोथा दुभत्या जनावरांसाठी जातो. प्रथिनं चांगली असतात, दूध वाढतं. झिंगत नाहीत, कारण चोथा बाहेर पडतो तेव्हा यीस्ट टाकलेलंच नसतं. पण तो ओला असतो, उन्हाळ्यात दोन दिवसांत आंबतो आणि बुरशी धरतो, म्हणून ताजाच घालायचा. दूधवाल्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "तसं नाही सर, गिऱ्हाइकं विचारायलीत."